तिसऱ्या गाण्यातला दरवाजा

"सुई उचला, भाऊजी," मी म्हटलं, "आणि तिसरं गाणं परत लावा."

भाऊजींनी मुकाट्यानं सुई उचलली आणि पुन्हा त्या गाण्याच्या तोंडाशी ठेवली. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. साठी झाली, पुढचे केस कधीच गेले, पण मागे उरलेल्या चार केसांची शेपटी बांधायचं काही सोडत नाहीत. काउंटरवर चाळीस नव्या रेकॉर्ड होत्या, प्लॅस्टिकसुद्धा न फाडलेल्या. प्रत्येकीवर भाऊजींच्या बँडमधल्या चौघांचा फोटो. उजवीकडून दुसरे आमचे हे, ड्रम वाजवणारे. बावीस वर्षांचे, दंड उघडे, आणि चेहरा असा, की फोटो काढणाऱ्यानं जणू आईवरून शिवी दिली आहे. प्रत्यक्षात त्या दिवशी ह्यांचं पोट बिघडलं होतं.

थ्रॅश मेटल वाजवायचे हे लोक. गिटार करवतीसारखी चालते, ड्रम घोडा उधळल्यासारखे, आणि गाणारा ओरडतो. काय ओरडतो ते मला आजवर कळलेलं नाही. माझी शाळा चौथीत सुटली, आणि गाणं शाळेतल्या भाषेतलंही नव्हे. ह्यांना एकदा अर्थ विचारला होता, तर म्हणाले, जगाचा नाश होणार आहे एवढंच आहे, बाकी नुसती भर. म्हटलं, मग ठीक आहे.

चौघांनी मिळून जन्मात एक रेकॉर्ड काढली. पाचशे प्रती निघाल्या. पुढे प्रत्येक जण पोटामागे लागला. ह्यांनी तीस वर्षं लेथ चालवलं, भाऊजी वीजतारा ओढायच्या कामाला गेले. नंतर आम्ही नवराबायकोनं हे रेकॉर्डचं दुकान काढलं. हे जाऊन दोन वर्षं झाली. दुकान मी चालवते. सून मदत करते, तिला वाटतं ती चालवते.

आमच्या दुकानात एक रीत आहे. जुन्या थ्रॅशची रेकॉर्ड कुणी नव्यानं छापून आणली, की ती आधी मी ऐकते. शेजारी जुनी लावून, दोन्ही बाजू, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग तिच्या गठ्ठ्यावर माझ्या हातानं चिठ्ठी लागते. एक तर 'घ्या', नाहीतर 'घेऊ नका'. तिसरा शब्द नाही. लांबलांबहून माणसं ती चिठ्ठी बघायला येतात. एक दातांचे डॉक्टर आहेत, दर शनिवारी दवाखाना बंद करून येतात. एकदा म्हणाले, मावशी, मासिकात पानभर लिहून जे कळत नाही ते तुमच्या दोन शब्दांत कळतं. मी म्हटलं, तुम्ही तरी दात काढायला पानभर लिहिता का.

सरसकट सगळ्या नव्या छपाईला नाक मुरडणारी मी नाही. त्या काळी पोरांकडे पैसे नसत. पातळ प्लॅस्टिकवर छापलेलं असे, ढोल म्हणजे डबा वाटे, जाड तारांची गिटार तर ऐकूच येत नसे. अशी एखादी नीट हातानं पुन्हा छापली, की माजघरात खिडकी उघडल्यासारखं होतं. तिला मी डोळे मिटून 'घ्या' लिहिते. पण बरेच जण काय करतात, सगळंच वर चढवतात. हळू असलेलं मोठं, मोठं असलेलं आणखी मोठं. घरात सगळेच ओरडायला लागले, तर रागावलंय कोण हे कसं कळायचं? वर शेवटी उरलेल्या कापडाची ठिगळं लावावीत तशी चार अर्धी गाणी जोडायची आणि नवी म्हणून विकायची. तसल्या रेकॉर्डना मी दारात उभं करत नाही.

ही घरची रेकॉर्ड एका कंपनीनं चाळीस वर्षांनी पुन्हा काढली. भाऊजी तीन महिने त्यांच्या आवाज साफ करणाऱ्या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसले होते. उद्या शनिवार. उरलेले दोघे म्हातारे येणार, गिऱ्हाइकांना सह्या करून देणार, असं सगळं ठरलेलं. राहिली होती ती फक्त माझी चिठ्ठी. सूनबाई म्हणाली, आई, घरचीच आहे, लिहून टाका की. म्हटलं, घरच्या पोराला शिक्षक नापास करत नाहीत का?

पहिली दोन गाणी चांगली होती. खोटं कशाला बोलू, जुन्यापेक्षा चांगली. ह्यांचा डावा पाय किती जोरात चालायचा ते मला चाळीस वर्षांनी कळलं. माझ्या तोंडावरूनच भाऊजींनी ते ओळखलं आणि शेपटीवरून हात फिरवला.

मग तिसरं लागलं. दुसऱ्यांदा लावलं. मधे एक जागा आहे, गाणं उतारावरून सुटावं तसं सुटतं. जुन्या रेकॉर्डमध्ये तिथं आधी पत्रा वाजल्यासारखा आवाज येतो, मग ह्यांचा एक ठोका चुकतो. अख्खा ठोका. तिथं खड्डाच पडतो. पुढच्या क्षणी हे दुप्पट वेगानं तो भरून काढतात आणि बाकीचे तिघे जीव घेऊन मागे धावतात. नव्या रेकॉर्डमध्ये गाणं तिथून तुपावरून घसरावं तसं गेलं. पत्रा नाही, खड्डा नाही.

"हा ठोका कुणाचा?" मी विचारलं.

भाऊजी म्हणाले, दादाचाच. ह्याच गाण्यातला पुढचा एक उचलला आणि इथे बसवला. कळतसुद्धा नाही. आणि ती खडखड होती, ती पुसून टाकली.

"पुसायला कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं, वहिनी." भाऊजी ताठ झाले. मग बोलत सुटले. म्हणाले, चाळीस वर्षं ऐकतोय, रेकॉर्ड चांगली पण ड्रमवाला तिसऱ्यात चुकला. कुठेही जा, हेच. दादा हसायचा, पण कुणी ती रेकॉर्ड लावली की तिसऱ्या गाण्याला उठून पाणी प्यायला जायचा, तुम्हीही बघितलंय. आता तो नाही. निदान त्याचं नाव तरी स्वच्छ राहू दे. "तुम्ही 'घेऊ नका' लिहिलंत, तर उद्या त्या दोघांपुढं मी काय तोंड दाखवू? लोक तुमच्या चिठ्ठीवर जातात, वहिनी. एकदाच लिहा. दादासाठी."

सूनबाई माझ्याकडे बघत होती. मी खुर्ची ओढून बसले. जे ह्यांना सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, ते आता सांगावं लागणार होतं.

मी तेव्हा बटणांच्या कारखान्यात होते. रविवारी कारखाना बंद असे. मी पहारेकऱ्याच्या हातापाया पडून गोदामाची किल्ली आणली होती, तिथंच ही रेकॉर्ड झाली. उसनं मागून आणलेलं रेकॉर्डिंगचं मशीन आणि एवढीशी टेप. पुन्हा वाजवायची सोयच नव्हती, एकदा वाजेल ते खरं. गोदामाला पत्र्याचा दरवाजा होता, त्याची कडी तुटलेली. ड्रम सुरू झाले की तो थडथडायचा. म्हणून मला काम दिलं होतं, पाठ लावून दरवाजा दाबून धरायचा. भाऊजींना एवढं आठवत होतंच. ते गिटार घेऊन माझ्याकडे पाठ करून उभे असायचे. समोर होते फक्त हे.

"सातवा महिना होता मला," मी म्हटलं. "तिसऱ्या गाण्यात कंबर भरून आली, म्हणून मी वीतभर सरकले. दरवाजा खडखडला. मी पडतेय असं वाटून ह्यांनी मान वर केली. ठोका तिथं गेला."

भाऊजींनी सुई उचलून बाजूला ठेवली.

"संध्याकाळी मी म्हटलं, खरं सांगून टाका सगळ्यांना. तर म्हणाले, तू एक शब्द बोलायचा नाहीस. सातव्या महिन्यातल्या बाईला दाराला लावून उभं केलं हे कळलं, तर तुझी आई मला जिवंत ठेवायची नाही. आणि पाणी प्यायला जायचे म्हणता ना, ते लाजेनं नाही. माझ्या कमरेला शेकायची पिशवी गरम करून आणायचे. बाळंतपणानंतर माझी कंबर कायमची धरली. ते गाणं लागलं की त्यांना ती आठवायची."

सूनबाईनं तोंडाला पदर लावला. सातव्या महिन्यातला तो गडी म्हणजे तिचाच नवरा.

"रेकॉर्डवर चौघांची नावं आहेत," मी म्हटलं. "माझं नाव कुठं नाही, त्याचं मला काही नाही. पण त्या पत्र्याच्या आवाजात मी आहे, भाऊजी, आणि त्या खड्ड्यात हे आहेत. तुम्ही आम्हा दोघांना झाडून बाहेर काढलंत आणि वर म्हणता, दादासाठी."

मी चिठ्ठी ओढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'घेऊ नका'. मग पेन ठेवलं आणि म्हटलं, कंपनीला कळवा, तिसरं गाणं होतं तसं घालून पुन्हा छापा. पहिली दोन गाणी तुम्ही सोन्यासारखी केलीत. तशी सगळी आली की मी स्वतः 'घ्या' लिहीन आणि पहिली प्रत पदरच्या पैशानं घेईन.

भाऊजी उठले, चिकटपट्टीचा तुकडा दातानं तोडला आणि चिठ्ठी स्वतःच्या हातानं गठ्ठ्यावर लावली. वाकडी लागली होती, काढून सरळ केली.

शनिवारी दुकान भरलं. दोघे म्हातारे आले, त्यांना भाऊजींनीच कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, फोटो बघितला, पुन्हा चिठ्ठी वाचली.

"मावशी, घरच्या रेकॉर्डला?"

"घरची आहे म्हणूनच. बसा. जुनी ऐकवते."

भाऊजींनी जुनी रेकॉर्ड लावली. कडा झिजलेली, ह्यांच्या बोटांचे डाग असलेली. दोन गाणी झाली. तिसरं सुरू झालं आणि आमच्या दुकानाचा दरवाजा थडथडायला लागला. मी काउंटरमागून निघाले, गर्दीतून वाट काढत गेले आणि त्याला पाठ लावून उभी राहिले. बाहेरून कुणी दोघांनी काचेवर टकटक केली. मी वळून बघितलं नाही. सूनबाई खुर्ची घेऊन आली, तिला मानेनंच नको म्हटलं.

गाण्यातला तो उतार जवळ आला. कंबर ठणकत होती. या वेळी मी जागची तसूभर हलले नाही. तरी तिकडे रेकॉर्डमध्ये पत्रा वाजला आणि ह्यांनी मान वर केली.