सही करण्याचा अधिकार

आमच्या साहेबांना ‘उद्या’ चालत नाही आणि मला ‘चालतंय की’ चालत नाही. त्यामुळे त्या दुपारी आमची जुंपणार, हे ठरलेलंच होतं.

सलाइनमधून औषध सोडणारे चाळीस पंप हॉस्पिटलमध्ये सकाळीच बसवून झाले होते. पाच वाजता ते रुग्णांना जोडणार होते. औषध किती वेगानं सोडायचं, हे पंपाला हॉस्पिटलचा सर्व्हर सांगतो. पण समोरचा खरंच तोच आहे का, हे पंपानं आधी तपासायचं असतं. सर्व्हर प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर ते देणाऱ्या वरच्या संस्थेची सही, त्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर आणखी वरच्या संस्थेची, अशी साखळी पंपात ठेवलेल्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत पोचायला हवी. ती तपासणारा प्रोग्राम आमचा. आणि त्या वॉर्डात माझी धाकटी नणंद नर्स आहे.

अडीच वाजता मी जरा खोडसाळपणा केला. हॉस्पिटलच्या कॅन्टीनच्या वेबसाइटचं प्रमाणपत्र आमच्याकडे चाचणीसाठी होतं. त्याच्या गुप्त डिजिटल किल्लीनं सही करून मी ‘हॉस्पिटलचा सर्व्हर’ असं नवं प्रमाणपत्र बनवलं. कॅन्टीनला दुसऱ्याच्या ओळखीवर सही करायचा अधिकारच नाही. पंपानं मला हाकलून लावायला हवं होतं. ऑफिसात टेबलावर ठेवलेल्या चाचणीच्या पंपानं मला मुकाट आत घेतलं.

साहेब मात्र हसले. “अहो, कॅन्टीनवाला कशाला पंपाच्या वाटेला जाईल?”

“तो नाही जाणार. त्याची किल्ली चोरणारा जाईल.”

“सह्या तर खऱ्या आहेत ना? आज चालू होऊ देत. पुढच्या आठवड्यात दुरुस्त करू.”

मी वाद घातला नाही. पंपाची नळी त्यांच्या समोरच्या रिकाम्या ग्लासात सोडली, माझ्या जागेवर गेले आणि तिथून त्या खोट्या प्रमाणपत्राच्या जोरावर वेग पाचाचा पन्नास केला. ग्लासाचा तळ भरत गेला तसे साहेब खुर्ची पुढे ओढून बसले.

“अधिकार तपासणारी ओळ काढली कोणी?” त्यांनी विचारलं.

ते मी आधीच शोधलं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या चाचणीत कच्च्या प्रमाणपत्रांवर अधिकाराची नोंदच नव्हती, म्हणून कोणीतरी ती ओळ ‘तात्पुरती’ बंद केली होती. पुढे पाच जणांनी तो प्रोग्राम तपासला आणि पाचही जणांनी शेरा मारला: ताईंनी बघितलंय. ऑफिसात ताई म्हणजे मी.

“मी काढली,” मी म्हणाले. लाजेनं कान तापले होते.

“हे हॉस्पिटलला कळवावं लागेल. तुमच्या नावानिशी.”

“कळवा. तोवर मी वॉर्डात फोन लावते.”

साहेबांनी मान हलवली आणि स्वतःचाही फोन उचलला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

“वहिनी? आत्ता? कामात आहे गं.”

“ऐक. नव्या पंपांच्या नेटवर्कच्या वायरी काढा. वेग हातानं लावा. तुमच्या मोठ्या साहेबांनाही फोन जातोय. चूक माझी आहे.”

“बरं, काढते. तू म्हणतेस म्हणजे प्रश्नच नाही.”

“नको!” मी इतक्या जोरात ओरडले की साहेब दचकले. “मी म्हणते म्हणून अजिबात नको. वायर काढलीस की प्रत्येक पंपावरचा नेटवर्कचा हिरवा दिवा विझला का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग मला सांग.”

पलीकडे तिच्या चपलांचा आवाज येऊ लागला. मी फोन कानाला घट्ट धरून बसले.

“एक विझला,” ती म्हणाली. “दोन. थांब, वायर काढली तरी तिसरा अजून चालू आहे.”