सुनयनाचा डावा पाय

माझी बायको पायाळू आहे. म्हणजे जन्मताना तिचे आधी पाय बाहेर आले, मग डोकं. अशा माणसानं उसण भरलेल्या कमरेला पाय लावला की कंबर सुटते, असं आमच्याकडे सगळे मानतात. पायाळूवर वीज पडते असंही मानतात, म्हणून लग्न ठरवताना तिच्या बापानं ही गोष्ट जरा घाबरतच सांगितली. मी म्हणालो, आमच्या इचोड्यात वीज असतेच किती वेळ. तेव्हा दाराआड कोणीतरी हसलं होतं. तीच असावी, असं मी अजून धरून चालतो.

तेलुगू मुलखातल्या या आमच्या गावात हायवेच्या कडेला माझं ताडपत्री आणि दोरीचं दुकान आहे, दुकानामागे घर. सकाळी शटर उघडायच्या आधी अंगणात एखाददुसरा माणूस वाकडा होऊन उभा असतोच. ट्रक चालवून कंबर धरलेला ड्रायव्हर, नाहीतर कापसाचं गाठोडं उचलताना चमक भरलेला कोणी. सुनयना त्याला घोंगडीवर पालथं झोपवते, भिंतीला हात टेकते आणि डावा पाय कमरेवर ठेवून हलकेच दाबते. तीनदा. तोवर कोणी बोलायचं नाही. पैसे घेत नाही, घेतले तर गुण जातो म्हणे. मग ती चहा ठेवायला आत जाते.

ड्रायव्हर लोकांचं मला कधी काही वाटलं नाही. ते 'अक्का, अक्का' करत येतात आणि जाताना माझ्याकडून दोरी घेऊन जातात. माझं वाकडं होतं ते एकाच कमरेशी.

ती कंबर गुडीहत्नूरच्या उद्धवरावची. माणूस भाजीवाला, स्वतःच्या मळ्यातली वांगी-टमाटे आमच्या बाजारात आणतो. वय माझ्याएवढंच, पण केस सगळे जागेवर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. दर बाजाराच्या दिवशी पहाटे गाडी आमच्या दारात लागलीच म्हणून समजा. दर बाजाराला बरोबर कंबर कशी धरते, असं मी त्याला एकदा विचारलं.

"क्रेट उचलावं लागते भाऊ," तो म्हणाला. "तुमच्यावाणी गादीवर बसून धंदा नाही आमचा."

हेही मी गिळलं असतं. पण पाय लावून झाला की तो उठायचा, कंबर इकडून तिकडे हलवून पाहायचा आणि म्हणायचा, "वहिनी, तुमचा पाय लागला का दहा वर्षं कमी होतात. पाहा आता एखादी पोरगी माह्यासाठी." आणि सुनयना हसायची. तोंडाला पदर लावून नाही, मान मागे टाकून, खळखळून. शेजारच्या टायरवाल्यालाही ऐकू जायचं.

ते हसू आमच्या घरात कधी वाजलेलं नाही. आमच्या घरात ती हो म्हणते, बरं म्हणते, जेवता का म्हणते. ती त्याला भाऊच म्हणते, हे मला ठाऊक आहे. तिच्या मनात काही नाही, हेही ठाऊक आहे. तरी त्या हसण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जाताना तो वांगी ठेवून जायचा. मी वांग्याची भाजी खाणं सोडलं.

"काऊन नाही खात?" ती विचारायची.

"वातूळ असते. मले सोसत नाही."

दिवाळीनंतर कापूस घरात यायला लागला की ताडपत्रीला उसंत नसते. अशाच एका बाजाराच्या सकाळी उद्धवराव अंगणात चहा पीत बसला होता आणि टेम्पोत गठ्ठे चढवायचे होते. त्याची ती गादीची गोष्ट माझ्या डोक्यात होतीच. मी हमालाला बाजूला सारलं आणि सगळ्यात मोठा गठ्ठा एकट्यानं उचलला. तो पाहतोय ना, हे बघायला मान वळवली, आणि कमरेत कट्ट झालं. डोळ्यांपुढं काजवे चमकले. तो जाईपर्यंत मी गठ्ठ्याला टेकून उभा राहिलो, जसा काही हिशेबच करतोय. तो गेल्यावर हमालानं मला उचलून आत नेलं.

सुनयनाला मी गॅस झाला असं सांगितलं. गावातल्या आरएमपीकडं, म्हणजे डिग्री नसलेल्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं सुई मारली, गोळ्या दिल्या आणि तेलुगूत म्हणाला, "रेस्ट तीसुको." आराम करून पाहिला. आदिलाबादहून पट्टा मागवून शर्टाच्या आत बांधला. कशानं काही नाही. शिंक यायची झाली तरी देवाचं नाव घ्यायचो. पायजमा घालणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम झालं.

आणि मनात दुसरंच सलत होतं. उद्धवराव गाडीतून उतरला की हिला लांबूनच कळायचं, डाव्या बाजूनं धरलंय की उजव्या. मी चोवीस तास हिच्या डोळ्यांपुढं म्हाताऱ्या बैलासारखा हिंडतोय, तर हिला काहीच कळू नये?

शेवटी मीच लाज सोडली. ती भाकरी थापत होती.

"कंबर धरली माही."

"दिसून राह्यलं मले," ती म्हणाली.

"मग बोलली काऊन नाही?"

"तुमीच गॅस म्हणून सांगतलं. तुमाले खोटं कसं पाडू?"

"बरं. पाय लाव आता."

तिचा हात थांबला. "मी? तुमाले? नवऱ्याले पाय लावतात का? पाप लागल मले."

"साऱ्या तालुक्याले लावते."

"ते परके हायेत. त्यायले चालते."

मी विनवलं, रागावलो, पुन्हा विनवलं. ती ऐकेना. मीठ गरम करून पुरचुंडीनं शेकून दिलं, तेल चोळलं, अंगावर पांघरूण घातलं, ऊन ऊन वरण-भात हातात दिला. पाय मात्र नाही. तलमडुगुला डोमाजी म्हणून एक पायाळू आहे, त्याच्याकडं जा म्हणाली. मला शटरपर्यंत चालवत नव्हतं, तलमडुगुला काय जाणार. आणि खरं सांगायचं तर मला डोमाजीचा पाय नको होता. जो पाय रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही मिळतो, तो मला माझ्या घरात मिळत नव्हता. पडल्या पडल्या मला ड्रायव्हरांचासुद्धा हेवा वाटायला लागला.

बाजाराचा दिवस उजाडला. मी अंगणातल्या खाटेवर आडवा होतो. उद्धवराव आला, स्वतःची कंबर विसरला आणि माझ्याकडं पाहत उभा राहिला.

"काय झालं भाऊले?"

सुनयनानं सगळं सांगितलं. मी डोळे मिटून घेतले.

"वहिनी, माणूस मरून राह्यला आन् तुमी पाप-पुण्य पाहता?" तो म्हणाला. "लावा पाय. पाप लागलंच तर अर्धं माह्या नावावर टाका."

ती हसली. तेच हसू. आणि म्हणाली, "बरं, तुमी म्हणता तर लावतो."

मी हातापाया पडलो तेव्हा नाही, आणि हा म्हणाला तर लगेच. नको म्हणावं असं फार वाटलं, पण कमरेनं म्हणू दिलं नाही. उद्धवरावनंच मला काखेत धरून घोंगडीवर पालथं झोपवलं. तिनं भिंतीला हात टेकला. पाय कमरेवर आला, थंडगार, अंगण झाडून आलेला. पहिल्यांदा दाबला तेव्हा भीती वाटली. दुसऱ्यांदा ऊब वाटली. तिसऱ्यांदा आत काहीतरी सुटलं आणि मला पोटभर श्वास घेता आला. गोळ्यांनी आणि आरामानं सुटली म्हणा हवं तर, मी भांडणार नाही.

मी उठून बसलो. ती माझ्या पुढं आली, खाली वाकली, माझ्या दोन्ही पायांना हात लावला, तो कपाळाला नेला आणि पुटपुटली, "चुकलं माकलं माफ करजा."

इतकी माणसं या घोंगडीवरून उठून गेली, पण सुनयना कोणाच्या पाया पडली नव्हती. हा मान फक्त माझा होता. उद्धवराव म्हणालाच, "पाहा, नवऱ्याची गोष्ट येगळी असते." मी पण तेच म्हणायला हवं होतं. पण मला तो मान नको होता. मला तिनं मान मागे टाकून हसायला हवं होतं, टायरवाल्याला ऐकू जाईल असं.

उद्धवराव चहा पिऊन बाजाराला गेला. सुनयना कपबशा उचलत होती. मी उभा राहिलो, कंबर इकडून तिकडे हलवली आणि जमेल तितक्या मोकळ्या आवाजात म्हणालो, "तुहा पाय लागला आन् दहा वर्षं कमी झाले. एखादी पोरगी पाहतं का माह्यासाठी?"

ती थबकली. कपबशा खाली ठेवल्या, जवळ आली आणि पालथा हात माझ्या कपाळाला लावून पाहिला.

"ताप तर नाही," ती म्हणाली. "पडा जराशे. मी भात टाकतो."