उबेपुरता पाठवलेला

मी एक फुकटचा कोंबडा बोलतोय. फुकटचा म्हणजे खरोखरच फुकटचा. मला कुणी मागवलंच नव्हतं.

आयोवातल्या एका हॅचरीत, म्हणजे यंत्राने अंडी उबवण्याच्या कारखान्यात, मी कवच फोडून बाहेर आलो. आई म्हणून डोक्यावर एक दिवा होता. अंग वाळतंय न वाळतंय तोच एका बाईने मला उलटं करून पाहिलं आणि नरांच्या ढिगात टाकलं. अंडी न देणाऱ्याला कोण विचारतो? पण मागवलेल्या माद्या खोक्यात भरून झाल्यावर तिने आम्हा काही नरांना वरून कोंबलं. "तेवढीच ऊब," ती म्हणाली.

खोक्याला भोकं होती, दाणा-पाणी नव्हतं. अंड्यातला उरलेला बलक आम्ही पोटात घेऊन येतो. ती शिदोरी दोन-तीन दिवस पुरते, म्हणून तर माणसांनी आम्हाला पोस्टाने पाठवायची युक्ती काढली. पण वाटेत भीती किती वाटेल, याचा हिशेब कुणी केला नाही.

आधी ट्रक, मग विमान. पायाखालची जमीनच गुरगुरायला लागली. भोकांतून असा गार वारा आला की सगळी एका कोपऱ्यात घुसली आणि तळाची चिरडली. मी पायाखाली कुणाचं तरी अंग तुडवत होतो आणि तरी पाय उचलता येत नव्हता. माझ्या शेजारच्या काळसर पिल्लीने डोकं माझ्या पंखाखाली खुपसलं. माझा पंख तो केवढा! तरी मी ठरवलं, हिला सोडायचं नाही.

खोकं उतरलं ते नॉर्थ कॅरोलिनात, मॉरिसव्हिलच्या पोस्टात. आमच्या ओरड्याने खोली दणाणली. काउंटरवरच्या बाईने लगेच फोन लावला. हात कामात होते म्हणून स्पीकरवर ठेवला. "पिल्लं आलीत हो तुमची. लवकर या, घाबरलीत फार."

पलीकडे गिरीश होता, आमचा मालक. तो बायकोला म्हणाला, "कांचन, पिल्लं आली. पण आज अमावस्या आहे, यार."

"मग काय झालं?"

"नवीन जीव घरात आणायचे, तेही अमावस्येला? आपण कारची डिलिव्हरीसुद्धा पोस्टपोन केली होती."

"बाबा, दे आर बेबीज!" एक मुलगी ओरडली.

"हिमानी, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. त्यांच्या भल्यासाठीच करतोय ना मी?" मग त्याने पोस्टातल्या बाईला सांगितलं, उद्या सकाळी येतो.

आवाजात कळकळ होती, म्हणून मला जास्तच धडकी भरली. दुष्ट माणसाला निदान कुणी तरी अडवतं.

दिवसभर बाई येता-जाता खोक्याशी वाकून बोलायची. हळूहळू ओरडा ओसरला. "झोपली बिचारी," ती म्हणाली. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण घसा कोरडा पडून आवाजच फुटेना.

सकाळी गिरीश हसत आला. घराच्या दारात कांचन भाकरतुकडा घेऊन उभी होती. आमच्यावरून ओवाळून तिने तो टाकला, दृष्ट लागू नये म्हणून. मग गॅरेजमध्ये खोकं उघडलं आणि गिरीशने घाईघाईने पाण्याची वाटी पुढे ओढली.

एकेकाची चोच पाण्यात बुडवायची, प्यायलं की दिव्याखाली सोडायचं, हे गिरीश वाचून आला होता. मी प्यायलो. मग त्याने काळसर पिल्लीला घेतलं. तिची चोच बुडवली. पुन्हा बुडवली. "पी ना गं. एकदाच पी." पाणी चोचीतून नुसतं ओघळत होतं. शेवटी कांचनने त्याचं मनगट धरलं. "गिरीश, पुरे. ती गेली."

तो गॅरेजच्या फरशीवर खाली बसला. "काल पंधरा मिनिटांत आणता आली असती," एवढंच म्हणाला. निम्म्याहून अधिक माद्या गेल्या होत्या. ज्यांच्यासाठी मला कोंबलं त्या गेल्या आणि मी मागे राहिलो. मला त्याची आजही लाज वाटते.

आता मला तुरा आलाय, आवाज फुटलाय. पण इथल्या वस्तीत कोंबडा ठेवायला मनाई आहे. डोंगराकडच्या एका फार्मवाल्याने मला घ्यायची तयारी दाखवली. "पोस्टाने पाठवून द्या," तो फोनवर सहज म्हणाला. ते ऐकून मी कुंपणाच्या कोपऱ्यात जाऊन दडलो.

"नो, नो," गिरीश एवढ्या जोरात म्हणाला की हिमानी दचकली. "मी स्वतः ड्राइव्ह करून आणतो."

म्हणून हे सगळं मी हिमानीच्या मांडीवरून सांगतोय. चाकांचा आवाज ऐकून माझी छाती अजून धडधडतेय. माणसांनो, आम्हाला मागवणारच असाल तर फोन आला की तसेच उठून या. उद्यावर टाकू नका.

प्रत्येक सिग्नलला गिरीश मागे वळून विचारतोय, "हिमानी, बघ गं, श्वास घेतोय ना?"

"येस, बाबा," ती म्हणते. दिवा हिरवा होतो, तरी तो क्षणभर माझ्याकडे बघतच राहतो.