दोन झटके

"आम्ही नाही हो बोलावलं तुम्हाला!" फिटरच्या डेपोतल्या मित्राची, भोंग्याची, सून दारातूनच ओरडली. "सकाळी जरा दम लागला होता, पण आता बरे आहेत बाबा. कुणी केला फोन?"

फिटरने इंजिन बंद केलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पण तिचं तरी काय चुकलं? गाडी होतीच मुळी ॲम्ब्युलन्स, भंगारात निघालेली. निवृत्त झाल्यावर सहा महिने खपून त्याने आत पलंग ठोकला, शेगडी बसवली, टपावर पाण्याची टाकी चढवली आणि बाहेरून पिवळाधमक रंग दिला. पण किती का थर द्या, ऊन पडलं की बाजूची लाल अक्षरं हळूच वर यायचीच. रस्त्यात गाड्या आपोआप बाजूला व्हायच्या. बायकोला त्याची कोण गंमत!

"जन्मात कुणी मला वाट दिली नव्हती," ती म्हणायची. "आता बघा, ट्रकवालेसुद्धा टरकतात." असं म्हणून ती पुढच्या गाडीवाल्याला हात दाखवायची, हसायची आणि हसता हसता खोकायची. खिडकीचं वारं बाधतं म्हणे. हा खोकला प्रवासाच्या आधीपासूनचा होता, पण फिटरने कधी दिवस मोजले नव्हते.

दोघांचा करार ठरलेला होता: एक दिवस त्याचा मित्र, एक दिवस तिचा देखावा. तिच्या वहीत तळं होतं, मनोरा होता आणि सगळ्यात शेवटी समुद्र. साठी उलटली तरी बाईने समुद्र पाहिला नव्हता.

आज मित्राची पाळी. बसडेपोत भोंग्याने "जॅक आण!" म्हणून आवाज दिला की बाहेर रांगेतले प्रवासी दचकायचे. तो भोंगा आज खिडकीशी उशांना टेकून बसला होता. नाकात नळी आणि शेजारी गुरगुरणारं यंत्र. फिटरला आत पाऊल टाकवेना.

"ये ना," भोंगा म्हणाला. आवाज कसला, नुसता वारा. "लंबू गेला. पेंटर गेला. मी... रांगेत."

"गप रे! काहीतरी बडबडू नकोस," फिटर पलंगाच्या कडेवर टेकत म्हणाला.

"डॉक्टरने विचारलं... काम काय केलं? म्हटलं ब्रेक. तो म्हणाला, झालं तर मग. त्या जुन्या ब्रेक-लायनिंगमधल्या ॲस्बेस्टॉसची धूळ... छातीत बसते. तीस-चाळीस वर्षं गप्प बसते. मग..." पुढचं त्याला बोलवेना. त्याने हाताने गळा आवळल्यासारखं केलं.

फिटरला ती धूळ चांगली आठवत होती. बसच्या चाकाचा ब्रेक-ड्रम उघडायचा, हवेची नळी लावायची आणि सोडायचा फवारा! बसखालचा दुरुस्तीचा सगळा खड्डा पांढरा. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. एकमेकांना "काय आजोबा!" म्हणून चिडवायचं आणि त्याच हाताने डबा खायचा. ड्रम आधी पाण्याने भिजवून पुसा, अशी पाटी लागली ती शेवटच्या चार वर्षांत. तेव्हाही हे लोक हसलेच होते. पाण्याने पुसत बसलं तर बस सुटणार कधी?

स्वयंपाकघरातून बायकोचं आणि सुनेचं हसणं ऐकू येत होतं. फिटर घाईघाईने उठला. भोंग्याने त्याचं मनगट धरलं.

"तू बरा आहेस ना?"

"ठणठणीत," फिटर म्हणाला, आणि मनगट सोडवून गाडीकडे निघाला.

दुसरा दिवस देखाव्याचा. तळ्याकाठी मनोरा होता, वर जायला एकशेदहा पायऱ्या. बायको हौसेने निघाली खरी, पण तिसाव्या पायरीवर कठड्याला धरून थांबली. ओठ जरा निळसर दिसत होते, पण फिटरचं लक्ष कुठे होतं? तो स्वतःच्या छातीकडे कान लावून बसला होता.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "वरून काय दिसतं ते मला येऊन सांगा. गुडघे मेले संपावर गेलेत."

तो चढला. साठ, सत्तर, शंभर. वर पोचला तेव्हा श्वास जरा वाढला होता, बस्स! ना खोकला, ना कळ. त्याला इतका आनंद झाला की तळं बघायचंच राहून गेलं. तो वरून लहान मुलासारखा ओरडला, "एकशेदहा! दमलोसुद्धा नाही!"

खाली, कठड्याला टेकून, बायकोने त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर कुलूप. तोंड उघडायचा नाही म्हणून डेपोने त्याला ते नाव ठेवलं होतं. लायनिंगला भोकं पाडून रिबिट ठोकायचं त्याचं काम, म्हणजे धुळीशी दोस्ती सगळ्यांत जास्त. आणि गडी अंगणात ओंडके फोडत होता, घामाने निथळत! फिटरने त्याला मिठीच मारली.

"वहिनी कुठेत?" बायकोने गाडीतून उतरता उतरता विचारलं.

कुलपाने कुऱ्हाड खाली ठेवली. "गेली. दोन वर्षं झाली."

बायकोने तोंडावर हात घेतला. तिला आत बसवून, पाणी देऊन कुलूप परत बाहेर आला. फिटरने हळू आवाजात विचारलं, "अचानक?"

"छाती."

"म्हणजे भोंग्यासारखं?"

"तेच."

"अरे, पण त्या डेपोत कुठे होत्या?"

कुलपाने कुऱ्हाड पुन्हा उचलली. मग म्हणाला, "माझे कपडे धुवायची."

डेपोत धुलाईची सोय होती. सगळे तिथेच टाकायचे कपडे. फक्त दोघांचे घरी जायचे, कुलपाचे आणि फिटरचे. कुलपाला गर्दी आवडायची नाही, आणि याला ऐट! तिथला धोबी कॉलर खातो म्हणे. "माझ्या गणवेशाला घरचा हात लागतो," असं तो चारचौघांत मिरवायचा. बायकोलाही त्याचा अभिमान. तो घरी आला की आधी ती मागच्या दारात उभी राहायची आणि भिजवण्यापूर्वी गणवेश झटकायची. दोन झटके, फट् फट्. उन्हात पांढरा ढग उठायचा, ती डोळे बारीक करायची, तोंड फिरवायची आणि शिंकायची. एकतीस वर्षं, रोज. आणि हा आत बसून चहा मागायचा.

तिसावी पायरी आत्ता त्याच्या डोळ्यांसमोर आली. ते ओठही. आपण किती हलकट आहोत, असं त्याला वाटलं, आणि ते वाटणं खरंच होतं.

सकाळी समुद्राच्या अलीकडे एका मोकळ्या जागेत गाडी उभी होती. डोंगराच्या पलीकडून गाज ऐकू येत होती. बायकोने दोरीवरून त्याचा वाळलेला शर्ट काढला आणि सवयीने हात उचलले. फट्.

दुसरा झटका बसायच्या आत फिटर धावला. त्याने शर्ट हिसकावला आणि बादलीत बुडवला, पार कोपरापर्यंत हात घालून.

"अहो! धुतलाय तो! वाळलाय! डोकं फिरलंय का?"

तो वाकलेलाच राहिला. शर्ट वर काढावा हे त्याला सुचेना. "भिजवून झटकायचा," तो म्हणाला. "आधी भिजवायचा. पाटी होती तिथे. मी तुला कधी सांगितलंच नाही गं."

कुलपाच्या घरी खिडकी उघडीच होती, आणि बायकोचे कान काही म्हातारे झाले नव्हते.

"तुमचं ते कुलूप," ती म्हणाली, "बोलतं कमी, पण खणखणीत बोलतं."

फिटरचा चेहरा उतरला. "आत्ता दवाखान्यात जाऊ. तासाभराचा रस्ता आहे. समुद्र मग बघू."

"आज कुणाचा दिवस?"

"अगं, पण..."

"कुणाचा दिवस?"

"तुझा."

"मग आधी समुद्र. तपासायचं ते दुपारी तपासा." तिने बादलीतून शर्टाचं एक टोक उचललं आणि दुसरं त्याच्या हातात दिलं. "धरा नीट. असा टपटपता घालणार आहात का?"

दोघांनी दोन बाजूंनी तो पिळला. पाणी स्वच्छ होतं, तरी फिटर ते मातीत जिरेपर्यंत बघत राहिला.

मग गाडी निघाली. चढावर तिला खोकला आला, या वेळी लांबलेला, आणि या वेळी फिटरने तो शेवटपर्यंत ऐकला. ऊन वर आलं होतं. पिवळ्या रंगाखालची लाल अक्षरं उजळली असावीत, कारण पुढचा ट्रक मुकाट्याने कडेला झाला. बायकोने खिडकीतून नेहमीसारखा हात दाखवला आणि ती समोर बघत बसली, समुद्र कुठून दिसायला लागतो ते.