प्रसूतिगृहासमोरचा व्हॉल्व्ह

"ताई, नकाशा सापडला का? फुटलेल्या पाइपचं पाणी प्रसूतिगृहाच्या पायऱ्या चढायला लागलंय!" फोनवर फिटर ओरडत होता.

"थांब रे बाबा, उघडतेय," नकाशेताई म्हणाल्या. पण उघडत काहीच नव्हतं.

कालच त्यांच्या टेबलावर नवा कॉम्प्युटर आला होता. जुन्यावर 'नकाशे' नावाच्या ड्राइव्हवर क्लिक केलं, की पाणीखात्याच्या सगळ्या पाइपलाइनी समोर यायच्या. नव्यावर तो ड्राइव्हच नव्हता. त्याचा पत्ता ताईंनी चार वेळा टाइप केला. चारही वेळा एकच उत्तर: नेटवर्कवर ही जागा सापडली नाही.

दुसऱ्या फोनवरून त्यांनी कॉम्प्युटर विभागातल्या मॅडमना गाठलं.

"पत्त्याच्या सुरुवातीला उलट्या तिरक्या रेघा दोन दिल्यात ना, ताई?"

"दोनच दिल्यात हो."

"मग पासवर्ड?"

"विचारेल तेव्हा देईन ना! आधी दार तर उघडू दे."

"मग तक्रार नोंदवा, माणूस पाठवते."

"कुठे नोंदवू?"

"फॉर्म त्याच ड्राइव्हवर आहे."

ताईंनी कपाळावर हात मारला. बाविसाव्या वर्षी त्या नकाशे गिरवायच्या कामावर लागल्या. लग्न, दोन बाळंतपणं, सासूबाईंचं आजारपण, सगळं या नोकरीच्या आगेमागे उरकलं. गावाच्या पोटातली एकेक नळी त्यांच्या बोटांखालून गेली होती. आणि आज ही पेटी त्यांना दारातसुद्धा उभं करत नव्हती.

"ताई!" फिटरचा आवाज फाटला. "आत बाळंतिणी आहेत. वर न्यायला माणसं पुरत नाहीत."

ताईंनी माउस बाजूला सारला आणि डोळे मिटले.

"ऐक. समोर शिंप्याचं दुकान आहे?"

"तो केव्हाच गेला. आता मोबाइलवाला बसतो."

"त्याच्या पायरीच्या डाव्या कोपऱ्यापासून रस्त्याकडे सात पावलं चाल. डांबराखाली लोखंडी झाकण असेल. डांबर फोड आणि आतला व्हॉल्व्ह बंद कर."

"नक्की ना? उगाच रस्ता फोडला तर साहेब मला सोलून काढतील."

"माझं नाव सांग."

कुदळीचे घाव ऐकू येत राहिले. ताई मनात पावलं पुन्हा मोजत होत्या. आपण चुकलो असलो तर? मग लोखंडावर लोखंड वाजलं, धापा, एक शिवी, आणि बऱ्याच वेळाने फिटर म्हणाला, "थांबलं. पाणी थांबलं, ताई."

चार वाजता मॅडम स्वतः आल्या, मागची एक केबल काढून दुसरीकडे खोचली आणि दोन मिनिटांत ड्राइव्ह जोडून गेल्या. ताईंनी आधी तोच नकाशा उघडला. प्रसूतिगृह होतं, रस्ता होता, पाइप होता. व्हॉल्व्ह नव्हता. जुने नकाशे कॉम्प्युटरवर चढवताना तो कुणाच्या तरी नजरेतून निसटला होता.

ताईंनी जागच्या जागी खूण केली, शेजारी 'व्हॉल्व्ह' असं लिहिलं आणि सेव्ह दाबलं. उत्तर आलं: तुम्हाला ही फाइल फक्त पाहता येईल.

त्यांनी मॅडमना फोन लावला.

"बदल साहेबच करू शकतात, ताई. तुम्ही अर्ज द्या, पंधरा दिवसांत परवानगी येईल."

ताईंच्या निवृत्तीला अकरा दिवस उरले होते. त्यांनी नकाशा कागदावर छापून घेतला, फुटपट्टी लावली, पेनाने व्हॉल्व्ह काढला. खाली तारीख घातली आणि शाई वाळेपर्यंत कागद दोन्ही हातांत धरून बसल्या.