चौथ्या फळीवरची चिठ्ठी

प्रयोगशाळेतल्या मावशीने काचेची ताटली बेसिनवर तिरकी केली आणि तिचा हात थांबला. मागे मॅडम फोनवर बोलत होत्या.

"नाही सर, काडीचा फरक नाही. उद्या तसं लिहून देते. तीन वर्षं पाण्यात गेली."

ताटलीत हायड्रा होते, गोड्या पाण्यातले जीव, दोऱ्याच्या टोकाएवढे. मधोमध कापले तर वरच्या तुकड्याला पाय फुटतो, खालच्याला तोंड. कुठे काय फुटायचं, हा निरोप प्रथिनाचे बारीक तुकडे देतात, असं मॅडमनीच तिला सांगितलं होतं. तसला एक निरोप मॅडम रोज संध्याकाळी चौथ्या फळीवरच्या ताटल्यांतल्या पाण्यात घालून जात. पाय लवकर फुटायला हवे होते, फुटत नव्हते.

आणि रोज सकाळी सातला मावशी सगळ्या ताटल्यांचं पाणी बदलत होती. वीस वर्षांची सवय.

तिने ताटली सरळ केली.

"मॅडम, ते पाणी मी ओतून टाकते. रोज."

"चौथ्या फळीचं? अहो, पाणी बदलू नका म्हणून मी चिठ्ठी लावलीय ना!"

"लावलीय. पण तुमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मला सुटं, मोठं लिहिलेलंच लागतं." मावशीने पदराने कोरडेच हात पुसले. "विचारायची लाज वाटली. सगळ्यांना सांगत सुटले होते, मला आता वाचता येतं म्हणून."

मॅडम खुर्चीत बसल्या. "निदान रोजच्या कामाच्या वहीत तरी लिहायचं, मावशी. त्यासाठीच तर लिहायला-वाचायला शिकवलं तुम्हाला."

मावशीने खिळ्यावरची वही काढून टेबलावर ठेवली आणि खाली मान घालून उभी राहिली.

मॅडमनी पान उलटलं. मोठी, वाकडी अक्षरं, रेघेबाहेर गेलेली. सोमवार, सगळं पाणी बदललं. मंगळवार, सगळं पाणी बदललं. चौथ्या फळीवर चिठ्ठी आहे. वाचता येत नाही. मॅडम सांगतील. बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारीही.

प्रत्येक पानाच्या तळाशी, तपासले म्हणून, मॅडमची सही होती.

"माझंच चुकलं, मॅडम," मावशी म्हणाली.

मॅडमनी सहीवर अंगठा ठेवला. बराच वेळ तो उचलला नाही.