हात बाहेर

"हात बाहेर?" पलंगावरून गोरक्षनं विचारलं.

"बाहेर," म्हणत उज्वलानं फ्रिजचं दार लावलं.

या घरात एकही दार असं विचारल्याशिवाय लागत नसे. सातपूरच्या कंपनीत गोरक्ष आणि शेखर पत्रा दाबायच्या एकाच प्रेसवर होते. शेखर पत्रा ठेवायचा, "बाहेर" म्हणायचा, मगच गोरक्ष बटण दाबायचा. एकदा "बाहेर" म्हटल्यावर शेखरनं तिरका पत्रा सरळ करायला पुन्हा हात घातला. चार बोटं गेली. चूक आपलीच, असं त्यानं स्वतः सांगितलं. पण गोरक्षची झोप उडाली ती उडालीच. त्यातच कंपनीनं कामावरून काढलं, वडील गेले, आणि कानात आवाज सुरू झाला: ज्याला शिवशील, त्याचा हात जाईल.

सासूबाई म्हणाल्या, "कुणीतरी करणी केली माझ्या पोरावर." डॉक्टर म्हणाले, "या आजाराचं बीज काहींच्या अंगात असतंच. वरून असे घाव बसले की ते उगवतं. गोळ्या चुकवू नका, झोप मोडू देऊ नका."

गोळ्यांनी आवाज बारीक झाला, पण स्पर्श काही परत आला नाही. पूर्वी त्र्यंबक रोड ओलांडताना लहान पोरीचं धरावं तसं तो तिचं मनगट धरायचा. "सोडा हो, लोक बघतात," म्हणून ती फणकारायची. आता सगळ्या नाशकानं बघितलं तरी तिची ना नव्हती.

मागच्या दिवाळीत खरंच तिचं बोट कपाटात चेमटलं होतं. गोरक्ष धावत आला, दोन्ही तळव्यांत बोट धरून कितीतरी वेळ फुंकर घालत राहिला. बोट ठणकत होतं, आणि तिला सुखानं रडू येत होतं. त्यानंतर मात्र त्याचा डोळ्याला डोळा लागेना. शेवटी दवाखान्यात ठेवावं लागलं.

आज दुपारी तिनं त्याचे शर्ट कपाटात ठेवले. हात चौकटीवर तसाच राहिला.

"हात बाहेर?"

"आत" एवढंच म्हटलं की तो आला असता. शब्द अगदी ओठांवर आला. तिनं वळून पाहिलं. तो उठून बसला होता, आणि त्यानं आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"बाहेर," ती म्हणाली. त्याला दिसतील असे दोन्ही हात तिनं कपाटाच्या मुठीवर ठेवले आणि दार लावलं.

तो आडवा झाला. गोळीनं त्याला लगेच झोप लागली. उज्वला जवळ गेली आणि आपलं बोटही लागू न देता तिनं त्याच्या हातांवर गोधडी ओढली.